पत्रिकेच्या तळाशी कोण: आप्तेष्ट, सगेसोयरे, भावकी, पाहुणे की नुसते नातेवाईक?

छापखान्यात पत्रिका द्यायला येणारा माणूस बहुतेक सगळं ठरवून आलेला असतो. गणपती कुठला, कागद कुठला, आजोबांच्या नावाआधी कै., मुलीच्या नावाआधी चि. सौ. कां. मुहूर्त पंचांगातून काढलेला, आणि पंचांग म्हणजे दात्यांचं. शंभराहून अधिक वर्षं ते आमच्या सोलापुरातून निघतं, त्यामुळे इथं त्यावर कुणी वाद घालत नाही. अक्षता किती वाजून किती मिनिटांनी हे तर घरातल्या लहान पोरालाही पाठ असतं. माणूस अडतो तो तळाच्या ओळीपाशी. 'आपले विनीत' झालं, घरच्यांची नावं झाली, आता उरलेल्यांना काय म्हणायचं? समस्त नातेवाईक? सगेसोयरे? भावकी? आप्तेष्ट? दोन मिनिटं गप्प बसून तो म्हणतो, "तुम्हीच घाला की मॅडम, जे बरं दिसेल ते."

वीसेक वर्षं मी ही प्रुफं वाचते आहे. सुरुवातीला मीही जे बरं दिसेल ते घालायचे. एका आत्याबाईंनी माझी ती सवय मोडली.

मोहोळ तालुक्यातलं घर. मुलीचे वडील ती लहान असतानाच वारलेले. पत्रिका थोरल्या चुलत्यांनी छापायला दिली आणि तळाला मी 'समस्त भावकी व ग्रामस्थ' असं घातलं. त्यांना आवडलं, कारण गावाकडं ते शोभून दिसतं. चार दिवसांनी सोलापुरातच राहणाऱ्या एक बाई पत्रिका हातात घेऊन आल्या. मुलीची आत्या. भाऊ गेल्यावर भाचीला त्यांनीच इथं आणून शिकवलं होतं, लग्नातलं अर्धं सोनंही त्यांचंच. त्यांनी पत्रिका टेबलावर ठेवली आणि विचारलं, "ह्यात मी कुठं आहे, दाखवा." मी भावकी या शब्दावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन गेलेली. मी भावकीत कशी असेन?"

त्यांचं बरोबर होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे शब्द एकाच पोत्यातले वाटतात. पण प्रत्येक शब्द काही माणसांना आत घेतो आणि काहींना उंबऱ्याबाहेर ठेवतो. ज्याच्या घरी कार्य आहे त्याला निवडताना उपयोग व्हावा म्हणून ते शेजारी शेजारी ठेवून बघते. पत्रिका डोळ्यांसमोर आहे, पण श्रद्धांजलीचा फलक, वास्तुशांतीचं आमंत्रण, व्हॉट्सॲपवरचा निरोप यांनाही हेच लागू पडतं.

नातेवाईक आणि सोयरे

नातेवाईक हा सगळ्यांत रुंद शब्द. रक्ताचा, लग्नाचा, दत्तक घेतलेला, लांबचा, जवळचा, कुणीही त्यात बसतो. म्हणून तो दवाखान्याच्या पाटीवर असतो, 'रुग्णाच्या नातेवाईकांनी बाहेर थांबावे'. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुखाशी असलेलं 'नाते' लिहायचं असतं. अर्ज, प्रतिज्ञापत्र, पोलिसांचा पंचनामा, सगळीकडे हाच शब्द हवा, कारण तिथं कुणी सुटून चालत नाही. चूक होण्याची भीती असेल तेव्हा नातेवाईक लिहावं.

पण या शब्दाला ऊब नाही. मी एक साधी कसोटी लावते. शब्दानं हाक मारता येते का? "या नातेवाईक, बसा" असं महाराष्ट्रात कुणी म्हणत नाही. "या पाव्हणं, बसा" असं रोज म्हणतात. जुन्या माणसांच्या तोंडी "काय सोयरं, बरं हाय न्हवं?" असंही ऐकलंय. ज्या शब्दानं हाक मारता येते, तो पत्रिकेतही माणसाला बोलावतो.

दुसरी कसोटी क्रियापदाची, आणि ती जास्त बोलकी आहे. नातं 'लागतं': तो तुझा कोण लागतो? इथं तुम्ही काहीच केलेलं नाही, ते आपोआप लागलेलं आहे. सोयरीक मात्र जमते, जुळते, करावी लागते, फिसकटते, मोडते. तिच्यामागे दोन घरांचा निर्णय असतो, बैठक असते, सुपारी फुटलेली असते. भावकीला यातलं कुठलंच क्रियापद चालत नाही. भावकी जमवता येत नाही, मोडताही येत नाही. ती असते. सोयरे हा शब्द छापला की 'आम्ही ठरवून एकमेकांचे झालो' ही गोष्ट त्यात येते, आणि लग्नाच्या पत्रिकेत याहून नेमकं काय असणार? मला स्वतःला हा शब्द फार जवळचा वाटतो आणि तो पत्रिकांतून कमी होत चालल्याचं वाईट वाटतं. शहरातली पोरं म्हणतात, गावठी वाटतो.

त्या पोरांना मी या शब्दाचं वय सांगते. "वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें" ही तुकोबांची ओळ सतराव्या शतकातली. तिथं झाडांशी कुणी लग्नसंबंध जोडलेला नाही. सोयरे म्हणजे जिवाभावाचे, आपल्या गोतातले, असा मोठा अर्थ तेव्हा चालत होता. त्याहून तीनशे वर्षं मागे जा, आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढ्याला. चोखोबांच्या पत्नीचं नाव सोयरा. शब्द इतका लाडका होता की लेकीचं नाव म्हणून ठेवला जायचा. त्या घरातली नाती पाहिली तर नाव आणखी खरं वाटतं. परंपरा सांगते की सोयराबाईंचा भाऊ बंका आणि चोखोबांची बहीण निर्मळा हे नवराबायको, म्हणजे दोन घरांत दुहेरी सोयरीक, ज्याला आपण साटंलोटं म्हणतो. चौघांचेही अभंग आहेत. एका सोयरिकीतून चार संतकवी.

पुढे शिवाजी महाराजांच्या राणीसाहेबही सोयराबाईच, मोहित्यांच्या.

एक सावधगिरी. 'सोयरसुतक' मधला सोयर वेगळा. तो बाळ जन्मल्यावर पाळायचा विटाळ. "त्याला कशाचं सोयरसुतक नाही" म्हणजे त्याला कशाचीच फिकीर नाही. हा वाक्प्रचार ऐकून सोयरे हा शब्द अशुभ आहे असं मला एका गृहस्थांनी सांगितलं होतं आणि पत्रिकेतून काढायला लावला होता. तसं काही नाही.

मामा कोण, सगा की सोयरा?

'सगेसोयरे' हा जोडशब्द आपण एका दमात म्हणतो, पण आत दोन खोल्या आहेत. सगे रक्ताचे, सोयरे लग्नाचे. २०२४ च्या २६ जानेवारीला राज्य सरकारनं जातीच्या दाखल्यांबाबत काढलेल्या मसुदा अधिसूचनेत या शब्दाची व्याख्या घातली गेली. अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत सजातीय लग्नांतून तयार झालेले नातेवाईक, असा तिचा आशय. घरातला शब्द एकदम कागदावर, मोर्च्यात, वर्तमानपत्राच्या मथळ्यात आला. त्या वर्षी दोन-तीन गिऱ्हाइकांनी मला विचारलं, "हा शब्द आता पत्रिकेत चालेल ना? लोक काही वेगळं समजणार नाहीत ना?" माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: जरूर चालेल. शब्द सरकारच्या आधीपासून आपला आहे.

व्याख्येचा गुंता मात्र खरा आहे, आणि तो मामापाशी दिसतो. मामा तुमच्या आईचा भाऊ, म्हणजे तुमचा सगा. पण तोच माणूस तुमच्या वडिलांचा मेव्हणा, म्हणजे वडिलांचा सोयरा. एकाच पानावर बसलेला एकच माणूस, बापाला सोयरा आणि लेकाला सगा. एका पिढीची सोयरीक पुढच्या पिढीत रक्त होते. आणि मामाची मुलगी केली, तर ते रक्त पुन्हा सोयरीक होतं. सोयराबाईंचे चिरंजीव राजाराम महाराज आणि सोयराबाईंचे भाऊ हंबीरराव मोहिते यांची कन्या ताराबाई यांचं लग्न असंच होतं, आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी.

आमच्या भागात ही रीत बोलीतही मुरलेली आहे. सून सासऱ्याला मामा म्हणते, सासूला आत्या. नवऱ्याचं घर कितीही अनोळखी असो, हाक मात्र अशी की जणू मामाच्याच घरी दिली आहे. कानडीत अत्ते म्हणजे आत्याही आणि सासूही, माव म्हणजे मामाही आणि सासराही. तेलुगूत अत्त आणि मामा तसेच. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थांचा अभ्यास करताना महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींच्या मधला, दोन्हींचे गुण घेतलेला प्रदेश असल्याचं दाखवलं. सोलापुरात तो मधला प्रदेश एकाच वाड्यात सापडतो. इथल्या तेलुगू आणि कानडी घरांत काही ठिकाणी मामा-भाचीचंही लग्न होतं. मराठी शेजारी ते ऐकून थबकतो, कारण त्याच्याकडे मामेबहीण चालते पण भाची नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंही जवळच्या नात्यांतली लग्नं वर्ज्य करताना रूढीचा अपवाद ठेवलेला आहे.

म्हणून पत्रिकेत 'सगे व सोयरे' असं तोडून लिहू नका. जोडूनच लिहा. तोडलं की प्रत्येकाला आपली खोली शोधावी लागते आणि मामाला दारातच उभं राहावं लागतं.

भावकी

आता त्या आत्याबाईंकडे येते. भावकी म्हणजे एका मूळ पुरुषाची मुलं, नातवंडं, पतवंडं. आडनाव एक, कुळदैवत एक, देवक एक, रानाचे बांध एकमेकांना लागलेले. या शब्दात बळ आहे, ते नाकारता येत नाही. मयतीला खांदा द्यायला, लग्नात मांडव घालायला, रात्री बारा वाजता ट्रॅक्टर चिखलात रुतला तर ओढायला भावकीच धावते. पण भावकीची भाऊबंदकी झाली की भांडण सुरू. "भावकीत आहे" एवढं म्हटलं तरी आमच्याकडे ऐकणारा समजतो की बांधावरून कोर्टात तारीख चालू असेल.

या शब्दाची सगळ्यांत मोठी अडचण बाईची. लेक लग्न होऊन गेली की बोलीत ती भावकीत मोजली जात नाही, सासरच्या भावकीत जाते. पंचांगातल्या अशौचाच्या नियमांतही तेच दिसतं. एका कुळातल्या जवळच्यांना दहा दिवसांचं सुतक, आणि लग्न झालेल्या लेकीला तिच्या स्वतःच्या आईवडिलांचं तीन दिवसांचं. बाप गेल्यावर लेकीच्या वाट्याला दुःख पूर्ण येतं, पण मोजमापात ते तीन दिवसांचं.

कायद्याचा शब्द वेगळा आहे. तलाठ्याकडे फेरफार घालायला गेलात तर तिथं भावकी हा शब्द चालत नाही. तिथं 'वारस' लागतो. आणि ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलासारखाच जन्मानं हक्क दिला. म्हणजे सातबाऱ्यावर बहीण आहे आणि पत्रिकेतल्या भावकीत नाही. दोन्ही कागद एकाच घरातल्या कपाटात असतात.

त्यामुळे भावकी हा शब्द कुठं वापरावा याचं माझं मत ठाम आहे. गावजेवण, कुळदैवताचा गोंधळ, एका आडनावाच्या लोकांचा मेळावा, तिथं वापरा, शोभतो. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत एकटा वापरू नका. जिचं लग्न आहे तीच मुलगी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या शब्दाच्या बाहेर जाणार असते.

'गणगोत' हा याच घराण्यातला पण मोकळा शब्द. गोत म्हटलं की आज आपल्याला फक्त कूळ आठवतं, पण मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे जायचा तेव्हा तिथं पाटील, कुलकर्णी, बलुतेदार असे गावचे लोकही बसत. गोतात गाव होतं. बोलताना मी हा शब्द वापरते, छापताना तो जरा जुनाट दिसतो.

पाव्हणं

पुण्या-मुंबईच्या वाचकाला पाहुणा म्हणजे घरी आलेला माणूस, चार दिवसांनी जाणारा. आमच्याकडे पाव्हणा जात नाही. "आमचे पाव्हणे आहेत बार्शीला" म्हणजे बार्शीला आमची सोयरीक आहे. "पाव्हण्यातलाच पोरगा बघितला" म्हणजे नात्यातलं स्थळ. मूळ संस्कृत शब्द प्राघूर्णक, म्हणजे हिंडत हिंडत दारी आलेला. हिंडणारा माणूस आमच्या बोलीत कायमचा नातलग झाला, आणि तरीही एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला "काय पाव्हणं, कुठलं गाव?" असं विचारायला तोच शब्द मोकळा राहिला. लग्नानं जोडलेला आणि वाटेत भेटलेला, दोघांनाही एकच मान देणारा दुसरा शब्द मला मराठीत सापडत नाही.

पण छापताना अडचण होते. 'समस्त पाहुणे मंडळी' असं छापलं की नागपूरच्या वाचकाला वाटतं हे लोक बाहेरून आलेत आणि स्वागत करणारे दुसरेच कुणी आहेत. म्हणून पत्रिका फक्त जिल्ह्यात फिरणार असेल तर 'पै-पाहुणे' खुशाल घाला. बाहेर जाणार असेल तर तोंडी आमंत्रणासाठी राखून ठेवा. फोनवर मात्र त्याला तोड नाही. "पाव्हणं, तुम्ही आल्याबिगर अक्षता पडायच्या नाहीत बघा." याची जागा कुठलीही छापील ओळ घेणार नाही.

बंधू: इथं सोलापूरकरांनी जपून

ही चूक मी फक्त आमच्याच गावात पाहिली आहे, म्हणून जरा रेंगाळते. साखर पेठेकडून, पूर्व भागातून पत्रिका येतात त्या बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या घरांच्या. तेलुगू पत्रिकेच्या तळाला ठरलेली ओळ असते, बंधुमित्रुल अभिनंदनलतो, म्हणजे बंधुमित्रांच्या अभिनंदनासह. कानडी पत्रिकेत सुखागमन बयसुव, सुखानं येणं इच्छिणारे, आणि पुढे बंधु-मित्ररु. दोन्हीकडे बंधु म्हणजे कुठलाही नातलग, बाईमाणूससुद्धा. संस्कृतातही बंधु हा सगळ्या नातेवाइकांचाच शब्द. मराठीनं मात्र तो आवळला. आपल्याकडे बंधू म्हणजे भाऊ, बस्स. जुना मोठा अर्थ 'भाऊबंद' मधल्या बंद मध्ये तेवढा राहिला.

मग तेलुगू घरातली मुलं, जी मराठी शाळेत शिकली, घरची ओळ मराठीत आणतात आणि लिहितात 'बंधू व मित्रपरिवार'. त्यांना म्हणायचं असतं सगळं गोत, आणि मराठी वाचक वाचतो भाऊ आणि मित्र. घरातल्या चाळीस बायका एका दीर्घ ऊकारानं गायब. मी हा शब्द दिसला की प्रत्येक वेळी फोन करते.

'संबंध'चंही थोडं असंच. तेलुगूत संबंधम म्हणजे लग्नाचं स्थळ. पूर्व भागातली एखादी आजी मराठीत "चांगला संबंध आलाय पोरीला" म्हणते तेव्हा ती स्थळाबद्दल बोलत असते. मराठीत एकटा संबंध हा शब्द आता जरा अवघडलेला झालाय, त्यामुळे छापताना 'ऋणानुबंध' किंवा 'सोयरीक' बरं. व्याह्यांसाठी मात्र तिन्ही भाषांत आपापले शब्द आहेत: मराठीत व्याही-विहीण, कानडीत बीगरु, तेलुगूत वियंकुडु. शेकडो वर्षं एकमेकांशेजारी राहूनही प्रत्येक भाषेनं इथं आपलाच शब्द वापरात ठेवला. उलट अण्णा, अक्का, अप्पा हे कानडीतून येऊन मराठीत असे बसले की आता परत द्यायचे म्हटलं तरी देववणार नाहीत. माझा अंदाज असा की व्याह्यांशी मान राखून बोलायचं असतं, तिथं प्रत्येक घर आपलाच शब्द धरून ठेवतं. हाक मारण्याची भाषा मात्र गल्लीत खेळणारी पोरं ठरवतात.

आप्त

शेवटी तो शब्द, जो निम्म्या पत्रिकांत काहीही विचार न करता छापला जातो. आप्त म्हणजे मूळ अर्थानं मिळालेला, पोचलेला. न्यायशास्त्रात आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा माणूस, त्याचं बोलणं ते आप्तवाक्य, आणि ते ज्ञानाचं एक प्रमाण. यात रक्त नाही, लग्न नाही, आडनाव नाही. आहे तो फक्त भरवसा. आप्तेष्ट म्हणजे आप्त आणि इष्ट, भरवशाचे आणि आवडीचे.

या शब्दानं हाक मारता येत नाही, हे खरं. पण त्याच्या आत शेजारीण येते, मुलीची शाळेतली बाई येते, यंत्रमागावर बरोबर काम केलेला माणूस येतो, आणि लग्न होऊन गेलेली आत्याही येते. तो कुणालाच कुळावरून तपासत नाही. नातेवाईक हा शब्दही सगळ्यांना घेतो, पण मोजून घेतो, म्हणजे कुठून तरी नातं लागलं पाहिजे. आप्त मोजत नाही. एवढा मोठा शब्द आपण सवयीनं छापून छापून गुळगुळीत केला, याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्याच्यापुढे 'सर्व' किंवा 'समस्त' लावू नका, अशी माझी विनंती असते. ज्यांच्यावर भरवसा आहे ते सर्व असतात कुठं? ते मोजकेच असतात. नुसतं 'आमचे आप्तेष्ट' लिहा, शब्द पुन्हा जिवंत होतो.

कधी कधी यातला एकही शब्द लागत नाही. जानेवारीत सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. सम्मती कट्ट्यावर सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो, सात नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या उभ्या असतात, पांढऱ्या बाराबंदीतली, म्हणजे बंदांच्या अंगरख्यातली माणसं आणि लाखाच्या घरातली गर्दी हातात अक्षता घेऊन सम्मती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचून होण्याची वाट बघत असते. गर्दीत कानडी आहे, तेलुगू आहे, मराठी आहे. कुणी कुणाचं काही लागत नाही आणि सगळेच वऱ्हाडी. लहानपणापासून मी त्या अक्षतांना जाते. वऱ्हाडी हा एक शब्द तिथं सगळ्यांना पुरतो, कारण कार्य देवाचं आहे. घरच्या कार्याला तो पुरत नाही, तिथं उजवीकडे कोण आणि डावीकडे कोण हे विचारणारी माणसं असतात.

मग काय छापायचं?

मुलाची पत्रिका, घर गावाकडचं, लोक जिल्ह्यातलेच: 'सगेसोयरे व पै-पाहुणे' याहून चांगलं काही नाही. घर शहरातलं, पत्रिका परगावी आणि परदेशी जाणार: 'आमचे आप्तेष्ट व स्नेही'. श्रद्धांजलीच्या फलकावर 'शोकाकुल' च्या खाली कुटुंबाची नावं घ्या आणि पुढे 'आप्त' लिहा, कारण दुःखात येतो तो भरवशाचाच. तिथं पाहुणे छापू नका, कानाला खटकतं. सरकारी कागदावर नातेवाईक किंवा वारस, जसं मागितलं असेल तसं, तिथं भावना आणायची गरज नाही.

दोन भाषांच्या घरांचं लग्न असेल तर भाषांतर करू नका. अशी एक पत्रिका मागच्या हंगामात आली होती. मुलगी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरातली, मुलगा बार्शीकडचा मराठी. मुलीचा भाऊ एकाच मजकुराचं शब्दाला शब्द भाषांतर मागत होता. मी त्याला म्हटलं, तुमच्या आजीला जी ओळ ऐकायची सवय आहे ती तिच्या बाजूला तशीच राहू दे, आणि मराठी बाजूला मराठी माणसाची ओळ येऊ दे. एका पानावर बंधुमित्रुलु राहिले, दुसऱ्या पानावर 'सगेसोयरे आणि आप्तेष्ट' आले. दोन्ही पानांतली माणसं तीच.

त्या आत्याबाई पुन्हा आल्या, भाचीच्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळी. या वेळी पत्रिकेचा मजकूर त्यांच्याच हातचा होता, वहीच्या पानावर निळ्या शाईनं लिहिलेला. चुलत्यांचं नाव वर होतं, मान राखलेला होता, आणि त्यांनी भावकी हा शब्दही काढला नव्हता. तळाला फक्त एक शब्द जास्तीचा होता, जो मला वीस वर्षांत सुचला नव्हता: 'समस्त भावकी व लेकीबाळी'. मी तो तसाच जुळवला, भावकीच्याच आकारात.